अकरा सेकंद

सर्जेकोटच्या जेटीवर त्या दिवशी
बर्फाच्या पेट्यांवर ऊन येऊन बसलं होतं
आणि द्वारकाआते एका गिऱ्हाइकाशी भांडत होती.
गिऱ्हाईक कसलं, गॉगल डोक्यावर चढवून
सुरमईला एका बोटानं ढकलून बघणारं.
आतेनं कोयती खाली ठेवली,
पदर खोचला, म्हणाली,
‘भाव माशाचो इचार, माझो नको रे झिला.’
आजूबाजूच्या साऱ्या पाट्या हसल्या.

मी तेवढंच उचललं. अकरा सेकंद.
खाली लिहिलं, माझी आते, माझी वाघीण.
आणि खरंच मला तसंच वाटत होतं.

रात्री साडेनऊला दोनशे.
अकराला चार हजार.
पहाटे होड्या परतायच्या आधी
चादरीत उजेड लपवून
मी आकडा खाली ओढत होते, सोडत होते,
पुन्हा ओढत होते,
बाबा रापण ओढतात तशी,
फक्त खांदे दुखत नव्हते.

तिसऱ्या दिवशी कुणीतरी तिचं वाक्य कापलं.
‘माशाचो’ गाळला.
‘नको’ गाळला.
उरलेलं ढोलकीवर बसवलं.
नाशिकच्या एका पोरानं त्यावर भुवया उडवल्या,
ठाण्याच्या दोघींनी ओठ हलवले,
खाली हसून हसून रडणारी पिवळी तोंडं
ओळीनं मांडलेली,
वाळूत सुकत घातलेल्या बांगड्यांसारखी.
त्यात एक तोंड माझ्या मागच्या बाकावरच्या हेरंबचं.

मी माझं काढून टाकलं.
डिझेल सांडल्यावर
कॅन सरळ करून ठेवतात, तसं.

मग जेटीवर मोटारसायकली येऊ लागल्या.
हेल्मेटच्या आतून विचारायच्या,
‘काय मावशी, भाव काय?’
आते सुरमईचा सांगायची.
पहिले दोन दिवस.

नंतर नुसती बोटं दाखवू लागली. पाच म्हणजे पाचशे.
लिलावात जिची हाक कोळंबच्या पुलावर ऐकू यायची
ती तोंडाला पदर लावून बसू लागली,
माशांचा वास तिला आत्ताच नव्यानं यायला लागल्यासारखी.

आणि हे मी कुणाला सांगितलेलं नाही:
या सगळ्यात माझ्यामागे येणारे
नऊशेचे सात हजार झाले होते.
मी रोज मोजत होते.
जेवताना, ताटाखाली फोन धरून.

एका संध्याकाळी पडवीत सुंगटं सोलता सोलता
आते म्हणाली, ‘वाचून दाखव.
लोकांनी काय लिवल्यानी ता.’

पहिलं वाचायला घेतलं. नाही वाचलं.
दुसरंही नाही.
मग अंगठा सरकवत सरकवत
मी मनातलंच रचत गेले.
‘ताई, तुमचा अभिमान वाटतो. सोलापूरहून.’
‘असंच रोखठोक राहा.’
‘तुम्हाला बघून आमच्या आईची आठवण झाली,
ती पण अशीच कमरेवर हात ठेवायची.’

आते ऐकत होती.
सुंगटाचं डोकं, मग साल, मग पाठीतला काळा दोरा.
एकही चुकलं नाही.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
‘खोटा बोललंस काय तुझो आवाज बारीक येता गो.
तुझ्या बापाशीचो पण तसोच.’

मी खाली बघत राहिले.
टोपातल्या पाण्यावर मिशा तरंगत होत्या.

‘ता आईचा मात्र बरा लिवलंस,’ म्हणाली,
आणि पाटी माझ्याकडे सरकवली.

चार सोलली असतील, नसतील,
मांडीवर फोन थरथरला.
हात गेलाच.
बोटं ओली, खारट, सालींनी चिकटलेली.
काचेनं माझा अंगठा ओळखला नाही.
पुन्हा लावला.
पुन्हा नाही.